चिंचोक्यांनी मोजलेला वारा

मोठ्या आजारातून उठलेली माणसं आपल्या आजारावर लिहितात, तेव्हा लोक डोळे पुसत वाचतात. माझ्या आजारावर लोक हसतील हे मला माहीत आहे. मी स्वतःही पुष्कळ हसले आहे. पण ज्या भीतीत मी ते वर्ष काढलं ती हसण्यासारखी नव्हती, आणि आमच्या भागात कितीतरी बाया तेच दुखणं पदराखाली झाकून फिरतात. म्हणून लिहिते. आजार पोटातल्या वाऱ्याचा, म्हणजे साध्या मराठीत पादण्याचा. एकदा शब्द लिहून टाकला की पुढचं सोपं जातं.

मी रत्नमाला. केज तालुक्यात, नांदूरघाटच्या बाजूला आमचं गाव. गावच्या सहकारी दूध संस्थेची मी सेक्रेटरी होते. 'होते' म्हणताना अजून जीभ अडखळते. आता गावात खासगी डेअरीची गाडी येते. पोरं मोबाइलवर फॅट बघतात आणि एकमेकांशी न बोलता घरी जातात. आमच्या वेळी कॅनांची झाकणं वाजली की गाव उठायचं. बाया चरव्या घेऊन रांगेत उभ्या राहायच्या, रात्रभराच्या बातम्या दुधाआधी ओतल्या जायच्या, आणि एखादीच्या दुधाची डिग्री कमी लागली, म्हणजे पाणी निघालं, की ती म्हशीला, नवऱ्याला आणि मला एकाच दमात शिव्या घालायची. त्या शिव्यांचीसुद्धा आज आठवण येते.

दोन ग्लास

आजार कळायचा तर आधी ग्लास कळला पाहिजे.

संस्था सुरू झाली तेव्हा मी चौथी-पाचवीत होते. आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पननंतर दीक्षा घेतली आणि गावकीची कामं सोडली, आणि माझ्या वडिलांनी, दादांनी, म्हैस घेतली. संस्थेचे चेअरमन काशिनाथअप्पा, पेठेतले किराणा दुकानदार, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. संकलनाच्या पहिल्याच दिवशी रांगेत कुजबुज सुरू झाली, की बुद्धवाड्याचं दूध ह्याच कॅनमध्ये पडणार का, त्यांना वेगळी किटली ठेवा. दादा वाद घालत बसले नाहीत. त्यांनी आपलं दूध कॅनमध्ये ओतलं, सगळ्यांचं पडू दिलं, आणि मग त्याच कॅनमधून दोन ग्लास भरले. एक सगळ्यांसमोर घटाघटा रिकामा केला. दुसरा अप्पांपुढे धरला.

अप्पा जरा थांबले. मी दादांच्या धोतराआडून बघत होते. मग अप्पांनी ग्लास घेतला आणि प्यायले. वेगळ्या किटलीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

त्या दिवसापासून तो रिवाजच पडला. सगळ्यांचं दूध पडलं, कॅन भरला की झाकण लावायच्या आधी दोन ग्लास काढायचे. एक दादांचा, एक अप्पांचा. पाऊस असो, ऊन असो, गावात मयत झालेली असो. आमच्या घरात मात्र दुधाचा थेंब टिकायचा नाही. सगळं संस्थेत जायचं, चहापुरतं बोटभर राहायचं. लहानपणी दूध पिण्याची वस्तू आहे असं मला कधी वाटलंच नाही, ते ओतायचं असतं एवढंच माहीत.

दादा रानात काम करता करता छाती धरून बसले आणि गेले. जलदान विधी झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी माझ्यापुढे ग्लास धरला.

"घे. आता तुझा."

मी तो घेतला, आणि रडत रडत प्यायले.

छावणीचं साल

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं म्हणतात. माझं मुंगीच्या पावलानं आलं. आधी नुसतं पोटात गुरगुरायचं, मग ढेकर, मग दुपारपर्यंत पोट नगाऱ्यासारखं ताठ. दोन-तीन वर्षं मी ते अंगावर काढलं. आणि मग दुष्काळ पडला.

विहिरी आटल्या, ज्वारीची ताटं गुडघ्यातच वाळली. जनावरं जगवायला गावाबाहेरच्या माळावर चारा छावणी उघडली. सगळ्या गावची गुरं एका मैदानात, प्रत्येकाच्या दावणीवर बारदानाची सावली. दूध निम्म्यावर आलं तरी संस्था बंद करायची नाही असं ठरलं, आणि आम्ही कॅन छावणीतच लिंबाखाली नेऊन ठेवले. खरं सांगू? हालाचं वर्ष होतं, पण मला ते दिवस अजून हवेसे वाटतात. सगळा गाव एकाच माळावर. कुणाच्या चुलीवर चहा तर कुणाकडे साखर. संध्याकाळी धुरळा खाली बसला की बाया गोल करून बसायच्या, आणि पाऊस सोडून सगळ्या विषयांवर बोलायच्या.

छावणीत उसाचं वाढं खाऊन म्हशींची पोटं फुगायची. डॉक्टर यायचे, डाव्या कुशीवर टिचक्या मारायचे, तेल पाजायचे. एकदा मी आडोशाला जाऊन आपल्या पोटावर तशीच टिचकी मारून बघितली. आवाज तोच आला. मला आधी हसू आलं आणि मग घाम फुटला. कारण माझ्या मावशीचंही आधी असंच पोट फुगायचं, वर्षभर वारा वारा म्हणत होती, आणि शेवटी गाठ निघाली होती.

हे मी कुणाला बोलले नाही. आमचे हे झेडपीच्या शाळेत शिक्षक. गावाबरोबर मीही त्यांना गुरुजीच म्हणते. मी एकुलती एक, म्हणून लग्नानंतर तेच बदली घेऊन आमच्या गावी आले. घरजावई म्हटलं की अजून रागावतात. माणूस सोन्यासारखा, पण लाजरा. शाळेतल्या एका बाईनं त्यांना विचारलं, की वहिनींना ह्या वयात दिवस गेलेत का? घरी येऊन ते माझ्यावरच उखडले. म्हणे जरा पोट आत घेऊन चालत जा. मी म्हटलं, वाऱ्याला दावं बांधता येतं का? त्यावरून आमचा अबोला झाला, आणि तो बरेच दिवस चालला.

मी हरभऱ्याची डाळ सोडली, मटकी सोडली, वांगं सोडलं. माय, म्हणजे माझी आई, भाकरी थापता थापता म्हणायची, "पादऱ्याला पावट्याचं निमित्त." गुरुजींचा राग ओसरला तेव्हा त्यांनी मनावर घेतलं आणि कुठून कुठून सल्ले आणले. सगळ्यांचा सल्ला एकच: पोटात आग आहे, थंड दूध पी. अशा टंचाईत त्यांनी पदरमोड करून संध्याकाळी माझ्यासाठी जादा दूध ठेवायला सुरुवात केली. स्वतः बिनदुधाचा चहा प्यायचे. मी सकाळी एक ग्लास, संध्याकाळी एक ग्लास दूध घ्यायला लागले, आणि जितकी पोटफुगी वाढे तितकं दूध वाढवत गेले. दूधवाल्यांच्या घरात दुधावर संशय घ्यायचा म्हणजे देवळात राहून देवावर घेण्यासारखं. आमच्या कुणाच्या मनाला ते शिवलंच नाही.

मोजायचं कसं

शेवटी लातूरला पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर तरुण बाई, बोलायला मोकळी. गुरुजी बाजूला बसलेले असताना तिनं सरळ विचारलं, की दिवसात वारा किती वेळा सरतो? गुरुजींनी भिंतीवरच्या पंख्याकडे बघायला सुरुवात केली. मी म्हटलं, "मॅडम, कुणी मोजतं व्हय?"

ती म्हणाली, मोजायचं. प्रत्येकाच्या पोटात वारा रोज तयार होतो, अगदी धडधाकट माणसाच्याही. आतड्यात जंतू असतात, आपण न पचवलेलं ते खातात आणि वारा करतात. तो किती होतो, कधी होतो हे कळलं की आत काय न पचता पडलंय याचा माग लागतो. आठवडाभर मोजा, आणि काय काय खाल्लं ते लक्षात ठेवा. गाठीचं मी विचारलंच. तिनं पोट तपासलं, रक्त तपासायला दिलं, आणि म्हणाली, आधी साधं शोधू.

सेक्रेटरी म्हणून मी आयुष्यभर लोकांचं दूध मोजलं. आता हे मोजायचं आलं. चारचौघांत काय करणार? मला एक युक्ती सुचली. कमरेच्या पिशवीत चिंचोके भरून ठेवले. वारा सरला की एक चिंचोका काढायचा आणि पदराच्या गाठीत टाकायचा. सकाळची गाठ वेगळी, दुपारची वेगळी, संध्याकाळची वेगळी. पहिल्या दिवशी इतकी लाज वाटली की दोन-चार वेळा मी स्वतःलाच फसवलं. तिसऱ्या दिवशी सवय झाली. चौथ्या दिवशी गुरुजी हळूच विचारायला लागले, "आज किती?" अबोल्यानंतर आमचं धड बोलणं सुरू झालं ते ह्या चिंचोक्यांवरून. नवरा-बायकोत काय कशावरून जुळेल, सांगता येत नाही.

आठवड्यानं मी त्या चिंचोक्यांच्या तीन पुड्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवल्या. ती हसली नाही, ह्याचं मला अजून कौतुक वाटतं. सकाळची पुडी फुगलेली, दुपारची त्याहून थोडी कमी, संध्याकाळची पुन्हा भरलेली. तिनं विचारलं, सकाळी काय खाता? मी सांगितलं, काहीच नाही, भाकरी खाते ती अकरानंतर. मग हा सकाळचा वारा कशाचा? माहीत नाही म्हटलं. सकाळी काय काम करता? म्हटलं, दूध घालतो आम्ही संस्थेत, मी माप घेते. आणि? आणि काही नाही, कॅन भरला की ग्लास घेते.

"कसला ग्लास?"

"दुधाचा."

"मग मघाशी काहीच खात नाही म्हणालात?"

मी गोंधळले. खोटं बोलायचं माझ्या मनात नव्हतं. तो ग्लास माझ्या लेखी खाणंपिणं नव्हताच. दादांच्या जागेवर उभं राहून करायचं ते एक काम होतं, झाकण लावण्यासारखं, पावती फाडण्यासारखं.

फुंकरीचा दिवस

तपासणी अशी होती: आदल्या दिवशी नुसता भात खायचा, सकाळी उपाशीपोटी यायचं, दुधात असते ती साखर पाण्यात कालवून प्यायची आणि मग थोड्या थोड्या वेळानं एका नळीत फुंकायचं. पोटातला वारा रक्तातून श्वासात येतो आणि यंत्राला तो कळतो. सुई नाही, नळी घशाखाली नाही. तरी मी घरून निघताना मायच्या पाया पडले होते. उगीच.

बाकावर माझ्या शेजारी युसूफ वडगावची शेवंताबाई होती, तिचीही तीच तपासणी. सिस्टर हाक मारायची, आम्ही आळीपाळीनं जाऊन फुंकून यायचो. तासाभरात माझं पोट बोलायला लागलं. सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं. मी ओशाळून पदर घट्ट केला. तेवढ्यात शेवंताबाईच्याही पोटानं जबाब दिला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बये, वरून फुकून कळतंय, तर मंग खालचं कावून मोजाय लावलं आठ दिस?"

आम्ही दोघी जे हसायला लागलो, ते हसू थांबेना. हसताना जे व्हायचं ते झालं, आणि मग तर डोळ्यांतून पाणी. सिस्टर दटावायला आली आणि तिलाही हसू फुटलं. कितीतरी महिन्यांनी मी अशी हसले होते. शेवंताबाई पुन्हा कधी भेटली नाही. कुठं असेल तिथं तिचं पोट सुखी असो.

दुपारी डॉक्टरनं आत बोलावलं. आकडे चढत गेले होते. ती म्हणाली, गाठबीठ काही नाही, रक्तही चांगलं आहे. तुम्हाला दुधातली साखर पचत नाही, एवढंच. पुष्कळ लोकांना पचत नाही. दही चालेल, ताक चालेल, दूध बंद करा. गुरुजींनी हात जोडले. मी मात्र ढसाढसा रडायला लागले. डॉक्टरला वाटलं आनंदानं. आनंद होताच, गाठ नव्हती, मी मरणार नव्हते. पण त्याच्या पाठोपाठ सकाळचा लिंबाखालचा कॅन डोळ्यांपुढे आला.

ज्यांना हाच त्रास आहे त्यांना माझं सांगणं एवढंच. लाजू नका, मोजा. चिंचोक्यांनी मोजा, खड्यांनी मोजा. आणि खाल्लेलं सांगताना जे तुम्हाला खाणं वाटत नाही तेही सांगा. तिथंच घोडं पेंड खात असतं.

दादांचं पोट

घरी आल्यावर संध्याकाळचं दूध बंद झालं. सकाळचा ग्लास मी सोडला नाही. गुरुजींना सांगितलं की सोडला.

का, ते सांगते. छावणीत टँकर आला की वरच्या आळीची टाकी आधी भरायची आणि आमच्या दावणीकडचा ड्रम सगळ्यात शेवटी. आमची एखादी बाई वरच्या टाकीला कळशी लावायला गेली की कपाळांना आठ्या पडायच्या. तोंडानं कुणी काही बोलत नव्हतं. पण पाणी आटलं की जुनं सगळं तळातून वर दिसायला लागतं. अशा दिवसांत दादांचा ग्लास मी खाली ठेवायचा? लोक म्हणणार, आता ह्यांनाच नको झालं. किंवा काहीच म्हणणार नाहीत, आणि ते जास्त वाईट. त्यापेक्षा दुपारपर्यंत पोट धरून बसणं मला परवडत होतं.

पण शरीर ऐकत नाही. एक दिवस ग्लास घेऊन अर्धा तास झाला नसेल, पोटात अशी कळ आली की मी माप खाली टाकून माळाकडेच्या घायपाताआड पळाले. परत येताना चक्कर येऊन पडले. बायांनी उचलून घरी आणलं.

माय उशाशी बसली. तिनं ओवा दिला, पोटावर गरम फडकं ठेवलं. दुपार कलल्यावर म्हणाली, "पितीस आजून, न्हाई का?"

मी पोटावरचं फडकं सारखं करत राहिले.

"तुझ्या दादाला बी पचत नव्हतं."

मी उठून बसले.

"ग्लास पिऊन आले की रानात जाऊन पोटाखाली उशीवानी धोंडा घिऊन पालथे पडायचे. लई कळा यायच्या. मी ओवा बांधून द्यायची. मला आण घातलती, पोरीला सांगू नकू म्हणून."

मला आधी राग आला. मायचा, दादांचा, सगळ्या गावाचा. आमच्या रानात बांधावर पालथे पडलेले दादा मी लहानपणी कितीदा बघितले होते. दमून झोपलेत असं वाटायचं आणि मी त्यांच्या पाठीवर चढून खेळायचे. ते तसेच पडून राहायचे. एकदाही मला उतर म्हणाले नाहीत.

मी मायच्या मांडीत तोंड घालून रडले. गुरुजी शाळेतून आले तेव्हा त्यांनाही सगळं सांगितलं. खोटं बोलले तेही. ते म्हणाले, उद्या मी येतो तुझ्याबरोबर.

सकाळी लिंबाखाली रांग लागली. दूध पडलं, कॅन भरला. मी दोन ग्लास काढले. एक अप्पांना दिला. त्यांचं वय झालं होतं. दुसरा मी हातात धरून ठेवला आणि रांगेकडे वळून सांगितलं, की मला दूध पचत नाही, डॉक्टरनं बंद केलंय. दादांनाही पचत नव्हतं, तरी ते प्यायचे. मला आता होत नाही.

गुरं तेवढी चघळत होती. अप्पांनी आपला ग्लास कॅनच्या झाकणावर ठेवला.

"मला ठाव व्हतं," ते म्हणाले. "एकदा त्याला घायपाताआड बघितलता मी. मी म्हणलं, आरं नगं पिऊस, मी पितो की एकटा, तेवढं बास हाय. तर म्हणला, अप्पा, तुमी एकट्यानं पिलं तर लोक म्हणत्याल अप्पाचं मन मोठं. मला तुमचं मन मोठं करायचं न्हाई. दूध सगळ्याचं करायचंय."

एवढं बोलून त्यांनी ग्लास उचलला आणि प्यायले. माझ्या हातातला भरलेलाच होता. तो परत कॅनमध्ये ओतायचा नाही एवढंच मला कळत होतं, पुढे काय करायचं ते कळत नव्हतं. रांगेत सगळ्यात पुढं वरच्या आळीच्या केराबाई होत्या, रिकामी चरवी घेऊन. त्यांनी चरवी खाली ठेवली, माझ्या हातातून ग्लास काढून घेतला, तोंड लावून एका दमात संपवला आणि पदरानं ओठ पुसले.

मग रांगेकडे वळून त्यांनी विचारलं, "उद्याच्याला कोण?"